सँक्शन झालं की लागलं

२०२२ चा मार्च होता, युक्रेनचं युद्ध सुरू होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. आमच्या दुकानाला लागून चहाची टपरी आहे, तिथला टीव्ही दिवसभर फुल आवाजात सुरू असतो अन् त्याचा अर्धा आवाज माझ्या दुकानात येतो. दुकान म्हणजे ऑनलाइनचं. सातबारा, आठ-अ, उत्पन्नाचा दाखला, पीक विमा, केवायसी, पासपोर्ट फोटो, झेरॉक्स, लॅमिनेशन, जे म्हणाल ते. केळापूर तालुक्यातलं गाव, पांढरकवड्यापासून थोडं आत. त्या दिवशी सर्व्हर डाऊन होता म्हणून लाईन नुसती उभी होती, अन् आबाजी नेहमीप्रमाणे बाकड्यावर बसून होते. आबाजी रोज येतात, काम असो की नसो, विडी ओढायला बाहेर जातात अन् परत येऊन त्याच जागेवर बसतात. टीव्हीवरचा माणूस हिंदीत ओरडत होता, रूस पर सँक्शन, अमेरिका ने लगाए सँक्शन, यूरोप के सँक्शन. आबाजींनी कान टवकारले.

"बाबू, रशियाचं सँक्शन झालं म्हणते?"

"हो आबाजी, झालं ना. लय मोठं झालं."

"पाय बरं," ते बाजूच्याला म्हणाले, "रशियाचं झालं. आपली विहीर दोन वर्षांपासून तशीच पडून आहे. किती भेटले बाबू त्याले?"

मी खदखदून हसलो. लाईनमधली दोन कॉलेजची पोट्टी हसली. बाकी कोणीच हसलं नाही, कारण बाकीच्यांनाही तेच पाहिजे होतं, की रशियाला एकदम एवढं सँक्शन झालं ते कोणत्या योजनेतून.

मग मी समजावायला गेलो अन् फसलो. म्हटलं, आबाजी, ते आपल्यासारखं सँक्शन नाही, ते शिक्षेचं सँक्शन आहे, रशियाला पैसे भेटणार नाहीत, उलट त्याचे पैसे अडकवले. आबाजींनी माझ्याकडे असं पाहिलं की जसा मी त्यांच्या नातवाला पास सांगून नापासाची मार्कशीट हातात दिली. "म्हणजे त्याचं भी आपल्यासारखंच झालं म्हण ना," म्हणाले. "सँक्शन झालं अन् पैसे अडकले."

आता याला काय उत्तर द्यायचं.

मी दिवसातून शंभर वेळा हा शब्द ऐकतो. बोलतो पण. आमच्याकडे सँक्शन हा इंग्रजी शब्द राहिलेलाच नाही, तो पंप, स्टार्टर, डीपी, मोटर यांच्या रांगेतला शब्द आहे. विहीर सँक्शन होते, घरकुल सँक्शन होतं, लोन सँक्शन होतं, गोठा सँक्शन होतो, पोराची रजा सँक्शन होते. कोणी सँन्शन म्हणतं, कोणी सँग्शन. एक मावशी तर कायम "सेक्शन" म्हणतात, माझं सेक्शन आलं का पाय. मी दुरुस्त करत नाही. पंचायत समितीत रोजगार हमीचं सेक्शन वेगळं असतं अन् तिथूनच सँक्शन येतं, मग चूक तरी कशी म्हणायची. अन् तिसरा भाऊ म्हणजे सक्शन, मोटरीचा सक्शन पाईप, जो विहिरीत सोडतात. त्याच्याबद्दल पुढे सांगतो, कारण आमच्या घरात या दोघांचं भांडण झालेलं आहे.

मंजुरी हा शब्द पण आहे ना आमच्याकडे, असं नाही की नाही. पण मंजुरी कागदावर असते, सँक्शन तोंडात असतं. ऑफिसचा कागद म्हणेल "मंजुरी देण्यात येत आहे", अन् तोच कागद हातात घेऊन माणूस घरी जाऊन म्हणेल, सँक्शन झालं वो. मंजूर शब्द मूळ अरबी, आपल्याकडे फारसीतून आला, अन् त्याच्या पोटात "नजर" आहे. मंजूर म्हणजे सरळ अर्थ घेतला तर पाहिलेलं, नजरेखालून गेलेलं. हे मला कळलं तेव्हा वाटलं, ज्यानं कोणी हा शब्द सरकारी कामाला लावला त्याला ऑफिस बरोबर समजलं होतं. कारण आमच्या अर्जाचं सगळं दुखणं हेच असतं की साहेबांच्या नजरेत पडत नाही. खालून तिसरा गठ्ठा, लाल दोरी, वरून पंख्याची हवा. नजरेत पडला की झालं काम, म्हणजे मंजूर.

अन् या मंजुरीवरचा टिंब काढला की मजुरी होते. अर्ज लिहिणारे लोक हमखास चुकतात. मागे एकानं हातानं लिहून आणलं होतं, "तरी माझ्या विहिरीला मजुरी देण्यात यावी ही विनंती." मी टाईप करताना टिंब दिला, पण मनात म्हटलं बरोबरच तर लिहिलंय बिचाऱ्यानं. रोजगार हमी म्हणजे मजुरीसाठीच तर आहे, महाराष्ट्रानं १९७७ मध्ये तिचा कायदा केला तेव्हा देशात दुसरीकडे असा कायदा नव्हता, मनरेगा तर २००५ ची. अन् रोजगार हमीतली विहीर अडकते ती पण मजुरीच्याच हिशोबात. मनरेगाचा नियम असा की खर्चातले किमान ६० टक्के अकुशल मजुरीवर जायला पाहिजेत अन् कुशल अन् सामानावर ४० च्या वर नको. विहिरीला सुरुंग लागतो, दगड वर काढायला यारी लागते, सिमेंट लोखंड लागतं, म्हणून मग "कुशलचं बिल अडकलं" हे वाक्य आमच्याकडे पाऊसपाण्यासारखं बोललं जातं.

तर त्या रात्री घरी गेल्यावर मी मोबाईलवर डिक्शनरी उघडली. खरं सांगायचं तर रिकामा उद्योग, पण आबाजींच्या त्या नजरेनं झोप येत नव्हती. पहिला अर्थ, अधिकृत परवानगी. दुसरा अर्थ, कायदा मोडल्याबद्दलची शिक्षा, दंड, निर्बंध. एकाच शब्दाचे. खालीवर. मी आधी समजलो की ॲपमध्ये गडबड आहे. मग दुसरी डिक्शनरी पाहिली, तिच्यातही तेच. लोन सँक्शन झालं तर चांगलं, देश सँक्शन झाला तर मेला.

इतकी वर्षं हे कसं लक्षात आलं नाही, याचा विचार केला तर कारण साधं आहे. मराठी पेपर दोन्ही अर्थांना वेगवेगळे शब्द वापरतो. एकाला मंजुरी, दुसऱ्याला निर्बंध. १९९८ च्या मे महिन्यात ११ अन् १३ तारखेला पोखरणला स्फोट झाले तेव्हा अमेरिकेनं आपल्यावर सँक्शन लावले होते, मी तेव्हा शाळेत होतो, रेडिओवर "निर्बंध" ऐकल्याचं आठवतं. बाबा म्हणाले होते निर्बंध म्हणजे नाकेबंदी, मी समजलो पोलिसांची. निर्बंध अन् सँक्शन एकच हे कोणाला माहीत होतं? मराठीत हे दोघं कधी एका घरात भेटलेच नाहीत. हिंदी चॅनलवाल्यानं इंग्रजी शब्द जसाचा तसा फेकला अन् तो आबाजींच्या विहिरीत येऊन पडला.

मग मूळ शोधत गेलो. लॅटिनमध्ये सांकिरे असं क्रियापद आहे, त्याचा अर्थ पवित्र करणं, म्हणजे एखादी गोष्ट अशी करून ठेवणं की तिला कोणी हात लावू नये. इंग्रजीत संताला जो सेंट म्हणतात, तो शब्द पण त्याच खानदानातला. रोमन लोकांच्या कायद्यात तर कायद्याच्या ज्या भागात शिक्षा लिहिलेली असायची त्यालाच सांक्तिओ म्हणत. म्हणजे इंग्रजीत शिक्षेचा अर्थ नंतर कोणी वाकडा केला असं नाही, तो जुनाच आहे. उलट "परवानगी देणे" हा अर्थ नंतर पक्का झाला. अन् देशांवर लावायचे सँक्शन हे तर मागच्या शतकातलं, १९३५ मध्ये इटलीनं ॲबिसिनियावर, म्हणजे आजच्या इथिओपियावर, हल्ला केला तेव्हा राष्ट्रसंघानं इटलीवर लावले होते ते गाजले होते.

पवित्र करण्यात परवानगी कुठे अन् शिक्षा कुठे, हे मला आधी जुळत नव्हतं. मग गावातला सांड आठवला. आमच्या लहानपणी देवाच्या नावानं सोडलेला एक सांड होता, कोणाच्याही वावरात शिरायचा, कोणाचीही तूर खायचा, बाजारात ढेपेच्या पोत्यात तोंड घालायचा. त्याला कोणी मारत नव्हतं. एका उपऱ्या माणसानं काठी मारली तर त्याला मारुतीच्या पारावर बोलावून नारळ अन् दंड भरायला लावला होता. आता बघा, सांडाला सोडलं हे सांडासाठी परवानगी, अन् मारणाऱ्याला दंड. गोष्ट एकच झाली, देवाला सोडलं. ज्याच्या बाजूनं पाहाल तसा अर्थ. मला वाटतं दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोममध्येही कोणाच्या तरी तुरीत असाच सांड शिरत असेल.

याच खानदानातली अजून एक बहीण आमच्या अगदी शेजारी राहते. सँक्च्युअरी. टिपेश्वर अभयारण्य आमच्याच तालुक्यात, १४८ चौरस किलोमीटर अन् वर काही. इथं जीप्सीवाल्या पोरांपासून बायांपर्यंत सगळे सँक्च्युअरीच म्हणतात, अभयारण्य फक्त बोर्डावर. अन् नाव पडलं ते आत जी टिपाई देवी आहे तिच्यावरून, म्हणजे लॅटिन न शिकता पण हिशोब बरोबर लागला. इथला एक वाघ २०१९ मध्ये निघाला अन् तेलंगणात जाऊन, फिरत फिरत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला, सगळं मिळून ३ हजार किलोमीटरच्या वर चालला, गळ्यात रेडिओ कॉलर होता म्हणून कळलं. एका सँक्च्युअरीतून दुसऱ्या सँक्च्युअरीत, अन् कोणाचं सँक्शन नाही. आबाजी त्याला "मोकळा माणूस" म्हणतात.

पण वाघाचं कौतुक टीव्हीवाल्यांना. आम्हाला रोही, म्हणजे नीलगाय, अन् रानडुक्कर. रात्रीतून अर्धा एकर हरभरा असा करतात की सकाळी ओळखू येत नाही वावर आपलं आहे का. जागल करायला माचाणावर बसा, नाहीतर सकाळी मोबाईलनं फोटो काढा, पंचनामा करा, माझ्या दुकानात येऊन ऑनलाइन अर्ज करा, अन् मग नुकसान भरपाईच्या सँक्शनची वाट पाहा. सँक्च्युअरीनं खाल्लं ते सँक्शननं भरायचं. सख्ख्या बहिणी आहेत, त्यामुळे आतल्या आत ठरवून करत असतील.

आता हे वाचून कोणी म्हणेल की इंग्रजी भाषाच येडी आहे. तर थांबा. इंग्रजीत असे शब्द अजूनही आहेत, ओव्हरसाइट म्हणजे देखरेख अन् ओव्हरसाइट म्हणजे नजरचूक, आता देखरेख कमिटीला काय म्हणायचं. पण आपण काय करतो? घरातून निघताना "येतो" म्हणतो अन् जातो. जातो म्हटलं तर आजी ओरडायची, अशुभ बोलू नको. नारळ फोडतो अन् "वाढवला" म्हणतो. बांगडी फुटली तर वाढली. पंगतीत वरण वाढतात अन् दुकान बंद करतात तेही वाढवतातच. निरोप म्हणजे सांगावा, निरोप म्हणजे रवानगी. माझ्या आजीची बांगडी फुटली की ती "वाढली वो माय" म्हणायची तेव्हा मी लहानपणी हातात बांगड्या मोजायचो, की वाढली तर दिसत कशी नाही. मला वाटतं जिथं जिथं माणूस घाबरतो, मग ते देवाला असो की मरणाला की सरकारला, तिथं शब्द असे दोन तोंडाचे होतात. हे माझं मत आहे, भाषेचे प्राध्यापक वेगळं सांगतील.

दोन्ही अर्थ एकाच माणसाला एकाच वेळी लागू पडलेले मी एकदा पाहिले आहेत. एक बाबू होता, कोणत्या ऑफिसात ते जाऊ द्या. त्यानं आबाजींना कितीतरी चकरा मारायला लावल्या. आज साहेब मीटिंगला, उद्या सही बाकी, परवा तांत्रिक मान्यता झाली पण प्रमा बाकी, प्रमा म्हणजे प्रशासकीय मान्यता, आमच्याकडे शेतकऱ्यालाही हे शॉर्टकट पाठ असतात. मग एक दिवस तो दुसऱ्याच कोणाकडून पैसे घेताना सापडला. नोटांना पावडर लावलेली असते, फिनॉल्फ्थॅलीन, हात सोड्याच्या पाण्यात बुडवले की पाणी गुलाबी होतं. गावात आठ दिवस फक्त गुलाबी पाण्याचीच चर्चा. पण सरकारी माणसावर कोर्टात केस चालवायची तर वरून परवानगी लागते, भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा १९८८, कलम १९, अन् त्या परवानगीचं नाव काय? सँक्शन. २०१८ पासून तिला तीन महिन्यांची मुदत आहे, लागलंच तर एक महिना वाढवून. म्हणजे इथं सँक्शन म्हणजे परवानगीच, पण शिक्षेच्या रस्त्यावर चालवायची परवानगी. दोन्ही अर्थ एका कागदावर गळ्यात गळे घालून.

आबाजी रोज विचारायचे, "त्याचं सँक्शन झालं का?" अन् त्यांच्या चेहऱ्यावर मी तेव्हा जो आनंद पाहिला तो त्यांची स्वतःची विहीर सँक्शन झाली तेव्हाही नव्हता. खरंच सांगतो.

आता माझ्या बाबांचं सांगतो, कारण हे सगळं लिहायला बसलो ते त्यांच्या एका कागदामुळे. बाबांची विहीर नव्वदच्या दशकातली, तेव्हा तिला जवाहर विहीर म्हणायचे. मंजुरीचं पत्र अजून घरी आहे, पत्र्याच्या पेटीत, युरियाच्या पिशवीच्या आतल्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून. सायक्लोस्टाईल केलेला कागद, नाव अन् गट नंबर हातानं भरलेला, खाली जांभळ्या शाईचा गोल शिक्का जो आता पसरून पैशाएवढा डाग झाला आहे. बाबा चौथी शिकलेले. वाचता यायचं पण बोट ठेवून. सरकारी कागद आला की ते मला वाचायला लावायचे अन् त्यांची एक पद्धत होती, म्हणायचे खालून वाच. वरून नको. मी लहान होतो, मला वाटायचं बाबांना कळत नाही कागद कसा वाचतात ते, मी वरूनच सुरू करायचो, "उपरोक्त विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की" अन् ते हात दाखवून थांबवायचे. खालून.

रोमन सांक्तिओचं वाचलं त्या रात्री मी उठून पेटी उघडली. बायको म्हणाली काय झालं, साप निघाला का. कागद काढला, टॉर्चच्या उजेडात पाहिला. वरती, "मंजुरी देण्यात येत आहे." मधे अटी, एक ते अकरा. अन् सगळ्यात खाली, सहीच्या वर, विहीत मुदतीत काम पूर्ण न केल्यास दिलेली रक्कम जमीन महसुलाची थकबाकी समजून वसूल करण्यात येईल. वर एक सँक्शन, खाली दुसरं. लॅटिनवाले कायद्याच्या ज्या भागाला ते नाव द्यायचे, बाबा नेमकं तिथूनच वाचायला लावायचे. त्यांनी कोणती डिक्शनरी पाहिली होती. त्यांच्या बापाची जमीन थकबाकीत लिलावाला निघाली होती एकदा, ती कशीबशी वाचली, बस तेवढंच शिक्षण.

विहीर खोदायला घेतली तर आधी काळी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या, अन् मग काळा पाषाण लागला. आमच्या भागात हे असंच असतं, बहुतेक ज्वालामुखीचा खडक. पैसे टप्प्याटप्प्यानं, आधी खोदा मग मोजमाप मग बिल. मोजमापाला साहेब आले नाहीत अन् खाली सुरुंगाचे पैसे द्यायचे, म्हणून बाबांनी एक बैल विकला. जोडीतला एक. मला आठवतं त्या वर्षी पोळ्याला आमच्याकडे एकच बैल होता अन् आईनं त्याला दोघांची झूल घातली होती, काऊन ते तिलाच माहीत. पुरणपोळी त्यानं एकट्यानं खाल्ली.

शेवटी पाणी लागलं, चांगलं लागलं, पुरुषभर. मोटर बसवली. अन् मोटर सुरू केली तर पाणी येईना. सक्शन पकडत नव्हतं. पाईपात कुठून तरी हवा घेत होती, फुटवॉल, म्हणजे पाईपाच्या खालच्या टोकाची झडप, जिला आमच्याकडे सगळे फुटबॉल म्हणतात, तिच्यात खडा अडकला होता. बाबा विहिरीत उतरलेले, मी वर स्टार्टरपाशी, शेजारचे काका बांधावरून ओरडून विचारताहेत, "काय झालं हो?" अन् बाबांचा आवाज विहिरीतून घुमत वर आला, "सँक्शन झालं, पण सक्शन होऊन नाही रायलं!" हा आमच्या घरातला जोक झाला मग. कोणतंही काम अडलं की आई म्हणायची, सक्शन पकडत नाही वाटते. लाईट बिलावर आजही "मंजूर भार ३ एचपी" येतं, ते वाचलं की मला विहिरीतला तो आवाज येतो.

बँकेचं पण तसंच आहे, तिथला कागद तर जास्त शिकलेला. माझ्याकडे लोक पीक कर्जाचं सँक्शन लेटर झेरॉक्सला घेऊन येतात. वर लिहिलेलं असतं आम्हाला कळवताना आनंद होतो. आनंदाच्या खाली तीन पानं अटी. मुदतीत भरलं तर पंजाबराव देशमुखांच्या नावाची जी व्याज सवलत योजना आहे तिच्यामुळे ३ लाखांपर्यंत व्याज शून्य, अन् मुदत चुकली की मागचं सगळं व्याज जागं होतं. अन् सँक्शन म्हणजे पैसे नाहीत, हे पण लोकांना दरवर्षी नव्यानं सांगावं लागतं. सँक्शन झालं, डिस्बर्स व्हायचं आहे, म्हणजे पैसे हातात यायचे आहेत. मृग कोरडा गेला तरी डिस्बर्स व्हायचंच असतं.

तर त्या वर्षीचा जून आला. कृषी केंद्रात पोटॅशची गोणी १७०० रुपये झाली होती. आपल्या देशात पोटॅश निघत नाही, सगळं बाहेरून येतं, अन् देणाऱ्यांमध्ये रशिया अन् बेलारूस मोठे. बेलारूसवर आधीच सँक्शन, रशियावर नवीन, मधे युद्ध, बँकांतून पैसे पाठवायला अडचण, जहाजाला विमा नाही. आबाजी दुकानात आले ते रिकामी पिशवी घेऊन. मी त्यांना सांगितलं की हे त्या रशियाच्या सँक्शनचंच आहे, मार्चमध्ये तुम्ही विचारलं होतं ना.

"मंग आपल्यावर भी लागलं म्हण ना," ते म्हणाले.

त्यांच्या त्या "लागलं" वर मला एकदम काहीतरी सापडल्यासारखं झालं. मी म्हटलं, आबाजी, तुम्ही बरोबर बोलले. इंग्रजीत गोंधळ आहे पण आपण तो सोडवला आहे. आपण चांगल्याला म्हणतो सँक्शन झालं, अन् वाईटाला म्हणतो सँक्शन लागलं. झालं म्हणजे भेटणार, लागलं म्हणजे जाणार. शब्द त्यांचा, क्रियापद आपलं. मी इतका खूश होतो की लाईनमधल्या सगळ्यांना हे सांगितलं. एकानं मान पण डोलावली, त्याचा दाखला निघायचा होता म्हणून असेल.

आबाजींनी विडी काढली, पेटवली नाही, नुसती बोटात फिरवली. मग म्हणाले, "तुह्या बापाच्या विहिरीले पाणी काय झालं होतं का? लागलंच ना?"

मी गप्प.

"पोराले नोकरी लागली. लॉटरी लागली. भूक लागली, ठेच लागली, आग लागली. सांग आता यातलं कोणतं भेटलं अन् कोणतं गेलं."

झालं. माझं सगळं व्याकरण बाकड्यावर बसूनच संपवलं माणसानं. लागणे हा शब्द सँक्शनपेक्षा पण पोचलेला निघाला. पाणी लागतं तेच क्रियापद आगीला.

त्यांच्या विहिरीचं म्हणाल तर २०२२ च्या नोव्हेंबरात रक्कम ३ लाखाची ४ लाख झाली, तेव्हा आबाजींचा अर्ज परत नव्यानं करावा लागला, मग सातबाऱ्यावर वारस लावायचे राहिले होते ते लावले, मग शेजारच्या विहिरीपासून अंतर १५० मीटर पाहिजे त्याचं मोजलं, दोन वेळा मोजलं, कारण पहिल्या वेळी टेप झोळ घेऊन धरला होता. शेवटी एका सकाळी खरंच सँक्शन झालं. मी प्रिंट काढून दिली. त्यांनी चष्मा लावला, कागद उलटा-सुलटा केला, माझ्याकडे परत दिला.

"वाच," म्हणाले. "खालून वाच."

मी बघतच राहिलो. हे यांना कोणी शिकवलं? मग आठवलं, बाबा अन् आबाजी एकाच वर्गात होते, चौथीपर्यंत.